जड ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला कोणते शॉकॲब्सॉर्बर घालावेत?

लांबपल्ला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझा पिकअप ट्रक आहे, मागे जोडटायर, सस्पेन्शन पाट्यांचं. आठवड्यातले तीन-चार दिवस त्याच्यामागे फ्लॅटबेड ट्रेलर असतो आणि त्यावर खोदकामाचं छोटं मशीन. उरलेले दिवस ट्रक रिकामाच पळतो. शॉकॲब्सॉर्बर गाडीबरोबर आलेलेच आहेत, १ लाख १० हजार किलोमीटर झाले.

आता तीन गोष्टींनी जीव मेटाकुटीला आलाय. ट्रेलर जोडला की गाडी मागून बसते. पुलावरच्या सांध्यांवरून गेलं की नाक वर-खाली, वर-खाली, चार-पाच हेलकावे झाल्याशिवाय थांबत नाही. रात्री हेडलाइटचा झोत समोरच्या गाडीच्या काचेवर चढतो आणि उतरतो, ते बघून मलाच ओशाळायला होतं. आणि ८० च्या पुढे गेलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

जो तो सांगतो, "हेवी ड्यूटी टाक, सगळं सुटेल." पण हेवी ड्यूटी म्हणजे नक्की काय ते कुणी सांगत नाही. एकदाच खर्च करायचाय, नीट करायचाय. अनुभवी लोकांनी सांगा.

तेलकट_हात

बिल्स्टीन ५१०० चारही बाजूंना. डोळे मिटून. माझ्या गाडीला चार वर्षं आहेत, अजून कुरकुर नाही.

रातराणी_चालक

+१. मोनोट्यूबच (एकाच नळीचे) घ्या, ट्विनट्यूबच्या (नळीत नळी असलेल्या) नादी लागू नका.

वर्कशॉपकाका

जरा थांबा. पोरांनो, त्याने तीन दुखणी सांगितली आणि तुम्ही तिन्हींवर एकच गोळी दिलीत.

लांबपल्ला, तुझी पहिली तक्रार बघ, गाडी मागून बसते. शॉकॲब्सॉर्बर ओझं उचलतच नाही. ओझं पाटे उचलतात. शॉकॲब्सॉर्बरच्या आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून आणि पातळ पत्र्यांच्या व्हॉल्व्हमधून ते ढकललं जातं, आणि त्या अडवणुकीत हालचालीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. पिस्टन हलला तरच तो काम करतो. उभ्या गाडीत त्याचा जोर नगण्य. गॅस भरलेला असेल तर दांडा थोडा बाहेर रेटतो, पण त्याने टनाच्या हिशोबातलं ओझं उचललं जात नाही. म्हणून कितीही भारी शॉकॲब्सॉर्बर टाकलास तरी बसलेली गाडी बसलेलीच राहणार.

तिसरी तक्रार, शेपटी हलणं. हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. पुढचा माल न्यायच्या आधी त्याचाच बंदोबस्त कर. यात शॉकॲब्सॉर्बरचा हात फार थोडा असतो. शंभरातल्या बहुतेक वेळा हुकावर वजन कमी पडलेलं असतं. बॉलवर जोडायच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन हुकावर हवं. फिफ्थ व्हीलला, म्हणजे ट्रकच्या हौद्यातल्या जोडणीवर बसणाऱ्या ट्रेलरला, १५ ते २५ टक्के. त्याहून कमी झालं की ट्रेलरचा मागचा भाग लंबकासारखा झुलतो. मशीन ट्रेलरवर नेमकं कुठे उभं करतोस?

उरली दुसरी तक्रार, हेलकाव्यांची. ती मात्र शॉकॲब्सॉर्बरचीच. तिथे तुझे पैसे वाया जाणार नाहीत.

आधी काट्यावर जा. नुसता ट्रक तोलून घे. मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवून पुन्हा ट्रक तोल. फरक येईल तेच हुकावरचं वजन. हुकावरचं वजन पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे वाटणारे बार असतील तर तोलताना सैल सोड. मग ट्रेलरसकट सगळं एकदा तोल. तीन पावत्या इथे टाक, मग पुढचं बोलू.

लांबपल्ला

काका, मशीन मी पार मागे, उताराच्या फळीजवळ ठेवतो. चढवायला-उतरवायला सोपं पडतं म्हणून. उद्याच काट्यावर जातो.

एकटीचा_प्रवास

मी तुमच्यासारखीच चूक करून बसले होते म्हणून लिहितेय. माझा ट्रेलर जड, त्यामुळे यादीतले सगळ्यात कडक शॉकॲब्सॉर्बर मागवले. ट्रेलर जोडलेला असताना गाडी खरंच छान बसली रस्त्यावर. पण रिकामी असताना? खडबडीत रस्त्यावर मागची चाकं टप्पे खायची. एकदा पावसात वळणावर ब्रेक दाबला तर मागचं चाक जमिनीवर टेकायच्या आधीच उडत होतं, एबीएसची टकटक पायाखाली जाणवली आणि गाडी वीतभर बाहेर सरकली. समोरून कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

तुम्ही लिहिलंय की उरलेले दिवस ट्रक रिकामा पळतो. निवड करताना ते दिवसही धरा. लोक ट्रेलरचं वजन सांगतात आणि रिकाम्या फेऱ्या विसरतात.

गणित_आवडे

ताईंनी जे भोगलं त्यामागचं गणित सोपं आहे. हेलकावे आटोक्यात ठेवायला लागणारा अडथळा हा स्प्रिंगचा कडकपणा आणि त्यावरचं वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

ढोबळ आकडे घेऊ. मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं ११०० किलो धरू. हुकावर ५६० किलो आले. पण हूक एक्सलच्या मागे लोंबत असतो, म्हणून तरफेने मागच्या एक्सलवर त्याहून जास्त येतं. पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये ४ मीटर आणि मागच्या एक्सलपासून हूक १.२ मीटर असेल, तर मागे ५६० ऐवजी ७२८ किलो पडतात. वरचे १६८ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेलेले असतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळेच.

आता ११०० चे झाले १८२८, म्हणजे १.६६ पट. पाटे तेच असतील तर अडथळा १.२९ पट हवा. आणि ओझ्याखाली मदतीचे पाटे टेकून कडकपणा दुप्पट होत असेल तर १.८२ पट. म्हणजे भरलेल्या गाडीला नेमका बसणारा शॉकॲब्सॉर्बर रिकाम्या गाडीला जवळजवळ दुप्पट कडक. एकाच न बदलणाऱ्या व्हॉल्व्हने दोन्ही टोकं सांभाळायची म्हटली की कुठेतरी तडजोड आली.

तेलकट_हात

मान्य, मी घाईत लिहिलं. माझी गाडी कायम लोडमध्येच असते, म्हणून मला रिकाम्या फेरीचा त्रास कधी दिसलाच नाही. पण मोनोट्यूबबद्दल मी ठाम आहे. लांब उतारावर, खराब रस्त्यावर ट्विनट्यूब तापतो, तेल पातळ होतं, त्यात गॅस मिसळून फेस येतो आणि अर्ध्या तासाने गाडी पुन्हा डुलायला लागते. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, फेस व्हायला वावच नाही. वर नळी एकच, त्यामुळे उष्णता सरळ हवेत जाते.

रातराणी_चालक

आणि त्याच बाहेरच्या व्यासात मोनोट्यूबचा पिस्टन मोठा बसतो. ३५ मिलिमीटरच्या पिस्टनपेक्षा ४६ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १.७ पटीहून जास्त भरतं. बारीक हालचालीतसुद्धा जास्त तेल हलतं, म्हणून प्रतिसाद लवकर मिळतो. (ही रचना फ्रान्सच्या द कार्बोन यांची. बिल्स्टीनने ती १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांसाठी कारखान्यातून काढायला सुरुवात केली. इतकी वर्षं टिकली, यातच तिचं मोल आलं.)

वर्कशॉपकाका

दोघांचं बरोबर आहे, पण दुसरी बाजूही ऐका. मोनोट्यूबच्या नळीला एक दगड लागून पोचा आला की पिस्टन तिथेच अडतो, कारण पिस्टन त्याच नळीच्या भिंतीवर घासत चालतो. ट्विनट्यूबला बाहेरच्या नळीवर बारीकसा पोचा आला तरी आतली नळी शाबूत असते. खाणीत, कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्यांनी हे बघावं. आणि सगळे ट्विनट्यूब टाकाऊ नसतात. कमी दाबाचा गॅस भरलेले, जाड दांड्याचे चांगले मिळतात. नॉब फिरवून कडकपणा बदलता येणारेही आहेत, रँचोच्या ९००० एक्सएलला ९ टप्पे येतात. रिकामा असताना नॉब खाली, ट्रेलर जोडला की वर. ताईंचं दुखणं यातून सुटलं असतं.

एकटीचा_प्रवास

काका, आता माझ्याकडे तसेच नॉबवाले आहेत आणि मी समाधानी आहे. फक्त दर आठवड्याला गाडीखाली हात घालायची तयारी हवी. चिखल साचून नॉब जाम होतो, महिन्यातून एकदा पाण्याने धुऊन सगळे टप्पे फिरवून घ्यायचे. दोन्ही बाजूंचा आकडा सारखा आहे ना, ते टॉर्च लावून बघायचं. एकदा डावा ३ वर आणि उजवा ७ वर राहिला होता, गाडी प्रत्येक खड्ड्यात तिरकी व्हायची.

नवशिका_१

मध्येच विचारतो. ते हवा भरायचे शॉकॲब्सॉर्बर येतात ना, ते लावले तर उचलणं आणि हेलकावे दोन्ही नाही का सुटणार?

वर्कशॉपकाका

एअर शॉक थोडं उचलतात, पण ते ओझं चासीवर शॉकॲब्सॉर्बरच्या खुंटीवर येतं. ती खुंटी हेलकाव्यांचे धक्के सोसण्यापुरती वेल्ड केलेली असते, ओझं टांगण्यासाठी नाही. मी तुटून आलेल्या दोन खुंट्या माझ्या हाताने पुन्हा वेल्ड केल्यात. जड ट्रेलरसाठी तो मार्ग नको. पाट्यावर बसणारे एअर बॅग वेगळे, ते चालतात. पण ध्यानात ठेव, एअर बॅग मागची उंची सरळ करतात, पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणत नाहीत. ते काम वजन वाटणाऱ्या हिचचं (तसले बार असलेल्या हुकाच्या जोडणीचं). तोसुद्धा गाडीच्या आणि हिचच्या पुस्तकात परवानगी असेल तरच लावायचा.

लांबपल्ला

काट्यावर जाऊन आलो. ट्रेलर मशीनसकट ४,६०० किलो. हुकावर फक्त ३४० किलो, म्हणजे साडेसात टक्केसुद्धा नाही! काका, तुम्ही म्हणालात तेच.

मशीन ३ टनांचं आहे आणि कपलरपासून (ट्रेलरचं हुकावर बसणारं तोंड) ट्रेलरच्या एक्सलच्या मध्यापर्यंत ५ मीटर. गणित करून मशीन ३७ सेंटीमीटर पुढे घेतलं, ट्रॅकच्या पुढच्या कडेला फळीवर पांढऱ्या रंगाने रेघ मारून ठेवली. पुन्हा तोललं, हुकावर ५६० किलो. १२ टक्क्यांच्या वर. परत येताना मुद्दाम हळूहळू ८० पर्यंत नेलं. शेपटी हलली नाही. मोठा ट्रक शेजारून गेला तेव्हा एकदा झोका आला आणि आपोआप थांबला. इतके महिने मी हातपाय गळून गाडी चालवत होतो ती सदतीस सेंटीमीटरपायी, हे कळल्यावर ट्रेलरच्या फळीवर बसून राहिलो थोडा वेळ.

मागून बसणं अर्थात वाढलं. पुस्तकात वजन वाटणाऱ्या हिचला परवानगी आहे, तो लावतोय. शिवाय पाट्यांवर मदतीचे पाटे, जे ओझं आल्यावरच टेकतात. आता शॉकॲब्सॉर्बर. सध्याचे खरंच गेलेत की मला वाटतंय, हे कसं ओळखायचं? मडगार्डवर जोर देऊन दाबलं तर गाडी हललीच नाही.

वर्कशॉपकाका

शाबास. आता बोलण्यात अर्थ आहे.

मडगार्ड दाबायची परीक्षा ट्रकला लागू पडत नाही. पाटे इतके कडक असतात आणि पाट्याला पाटा घासून स्वतःच इतकं अडवतात की हाताने काही कळत नाही. त्याऐवजी खराब रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालव, गाडी थांबव, आणि चारही नळ्यांचं तापमान घे. लांबून मापायचा थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर हात जवळ नेऊन अंदाज घे, चटकन पकडू नकोस, चटका बसतो. जो काम करतोय तो तापतो. थंड राहिला तो मेला.

नळीवर नुसता तेलाचा ओलसर थर आणि त्यावर धूळ असेल तर घाबरू नकोस, सील थोडं पाझरतंच. थेंब गळत असेल, नळीवर ओघळ असेल तर बदल. दांड्यावर गंजाचे खड्डे आहेत का बघ, रबराच्या बुशला चिरा आहेत का बघ. टायरवरून तळहात गोल फिरव. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खोलगट भाग लागले तर चाक बरेच दिवस उडत होतं असं समज.

लांबपल्ला

हवा २९ अंश. मागचा डावा ४८, मागचा उजवा ३१. पुढचे दोन्ही ४४-४५. उजव्याच्या खालच्या बुशपाशी काळा ओघळ आहे, आणि उजवीकडच्या बाहेरच्या टायरवर वाट्या हाताला लागतात.

तेलकट_हात

उजवा कधीच गेलाय. जोडीनेच बदला, एक नवा एक जुना ठेवू नका.

गणित_आवडे

मागवायच्या आधी लांबी मोजा. नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका, पाट्यांत बदल करताय म्हणून. तीन मापं घ्या: ट्रक रिकामा असताना वरच्या खुंटीच्या मध्यापासून खालच्या खुंटीच्या मध्यापर्यंत, ओझ्याखाली तेवढंच, आणि चासी जॅकवर उचलून एक्सल लोंबता सोडल्यावर. शिवाय ओझ्याखाली एक्सल आणि बंप स्टॉप (एक्सल चासीवर आपटू नये म्हणून लावलेलं रबर) यांमधली फट.

नव्याची मिटलेली लांबी अशी हवी की एक्सल बंप स्टॉपवर आपटून रबर दबलं तरी शॉकॲब्सॉर्बर तळाला लागू नये. उघडलेली लांबी लोंबत्या मापापेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर खड्ड्यात सगळा एक्सल शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याला लटकतो. आणि तिरका किती बसतो तेही बघा. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर परिणाम पाऊणपट उरतो, ४५ अंशांना निम्मा.

लांबपल्ला

रिकामा ५६, ओझ्याखाली ५० (हिच आणि मदतीचे पाटे लावून), लोंबता ६३ सेंटीमीटर. बंप स्टॉपची फट ७. कल २० अंशांच्या आसपास. मिटल्यावर ३९ आणि उघडल्यावर ६५ चा एक नॉबवाला सापडलाय.

गणित_आवडे

५० वजा ७ म्हणजे ४३ ला रबर टेकलं, त्यानंतर ४ सेंटीमीटर शिल्लक. वर २ सेंटीमीटर मोकळे. बसतोय. घ्या.

रातराणी_चालक

पुढे मोनोट्यूब, मागे नॉबवाले असं केलं तरी चालेल. पुढच्या वजनात तितका फरक पडत नाही, आणि हिच लावल्यावर तर आणखी कमी.

वर्कशॉपकाका

सहमत. बसवताना चार गोष्टी सांभाळ. ट्विनट्यूब आडवा पडून आलेला असतो, आत गॅस इकडेतिकडे झालेला असतो. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण मिटव-उघड कर, अडखळणं थांबलं की बसव. मोनोट्यूबचा दांडा पट्टीने बांधून येतो, वरची बाजू अडकवल्याशिवाय पट्टी कापू नकोस, कापलास की दांडा हातातून सुटून बाहेर येतो. दांडा पान्याने कधी धरू नकोस, क्रोमवर एक ओरखडा पडला की सील गेलंच समज.

आणि चौथी, जी निम्मे लोक चुकवतात: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. लोंबत्या एक्सलवर आवळलेस तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. जुन्यांना गॅस कटर लावू नकोस, आत दाब असतो.

लांबपल्ला

कामाचा अहवाल.

मागच्या उजव्याच्या खालच्या नटने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी लांब पाइप घालून सुटला. काढलेला शॉकॲब्सॉर्बर उभा धरून दाबला तर दांडा एका बोटाने आत गेला आणि तिथेच पडून राहिला. डाव्याला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. शेजारी शेजारी ठेवल्यावर मग कळलं मी काय घेऊन फिरत होतो.

बोल्ट चाकांवर उभ्या गाडीतच आवळले. नॉब रिकाम्याला ३, ट्रेलरला आधी ६ ठेवून बघितला, मग ७. मागचे धूळ-बूट वर सरकवून दोन्ही दांड्यांवर नळीला टेकून एकेक केबल टाय आवळला, कुणाच्या तरी जुन्या प्रतिसादात वाचलं होतं. ओझ्यासकट त्याच पुलावरून गेलो. पहिल्या सांध्याला नाक एकदा वर आलं, खाली बसलं, आणि बसलेलंच राहिलं. दुसऱ्या सांध्याची मी वाट बघत होतो, तो कधी गेला ते कळलं नाही. डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली उभीच.

उतरून टाय बघितले. डावा ५ सेंटीमीटर सरकला होता, उजवा साडेसहा. फट ७ होती, म्हणजे बंप स्टॉप लागला नाही.

एकटीचा_प्रवास

वाचून फार बरं वाटलं. रिकाम्या गाडीने पावसात एकदा मोकळ्या जागी ब्रेक मारून बघा, ३ वर मागचं चाक टेकून राहतंय का. नाहीतर २ करा.

वर्कशॉपकाका

काम छान झालंय. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट आणि मदतीच्या पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपास.

पण उजवा दीड सेंटीमीटर जास्त का सरकला? उजवा पाटा बसलाय का ते माप. आणि मशीन ट्रेलरवर ठेवताना त्याचा हात कुठल्या बाजूला वळवून ठेवतोस?

लांबपल्ला

पाटे मोजले काका, दोन्ही सारखे. हात उजवीकडे असतो, बांधायची साखळी त्या बाजूला आहे म्हणून. फळीवर आता मधोमध दुसरी रेघ मारतो.